गरम बाजू मास्तरांची

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवायला गेले नव्हते. गाडीचा पाइप हातात घेतला की तो कुठे वाकवायचा, किती वाकवायचा आणि न वाकवता भागलं तर किती बरं, हे सगळं गिऱ्हाइकाला पटवून दिल्याशिवाय ते पान्याला हात लावत नसत. म्हणून गिऱ्हाइकांनीच त्यांना मास्तर केलं. ट्रकांच्या वजनकाट्यामागे पत्र्याच्या शेडांची जी रांग होती, त्यात शेवटची शेड त्यांची. आत शिरलं की डोक्यावर खिळ्यांना काळ्या रबरी नळ्या लटकत असायच्या, वटवाघळांसारख्या. उंच माणसाला वाकून यावं लागे. मास्तर बुटके होते, त्यामुळे त्यांच्या हे कधी लक्षातच आलं नाही.

त्यांचं काम एकच. टर्बोच्या गाड्यांचे हवेचे पाइप.

"सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड तापतं की नाही?" ते विचारत. समोरच्याने मान हलवली की धडा सुरू. टर्बो म्हणजे मोठा पंप. तो इंजिनात हवा कोंबतो. कोंबलेली हवा तापते, तापलेली हवा फुगते, आणि फुगलेली हवा कोंबून इंजिनाच्या पदरात काय पडणार? म्हणून गाडीच्या नाकाशी एक जाळी बसवतात, इंटरकूलर. टर्बोतून निघालेली हवा त्या जाळीत जाऊन गार होते आणि मग इंजिनात शिरते. टर्बोपासून जाळीपर्यंतचे पाइप ही गरम बाजू. जाळीपासून इंजिनापर्यंतचे, ही थंड बाजू.

"आणि जिथे पाइप संपून त्यावर नळी चढते ना," मास्तर आवाज उतरवून सांगत, "सगळी भांडणं तिथे. नळी निसटली की गाडी गाढव झाली."

नळी निसटू नये म्हणून पाइपच्या टोकाला एक उठावाचा कंगोरा काढतात. नळी त्याच्यापलीकडे चढवायची आणि कंगोऱ्याच्या मागे तिच्यावर लोखंडी पट्टी आवळायची. कंगोऱ्याच्या मागचा पाइप कानशीने आडवाउभा ओरखडून खडबडीत करायचा. त्यावर केसांना मारायचा स्प्रे मारायचा. स्प्रे ओला असेपर्यंत नळी सर्रकन चढते, आणि वाळला की चिकटून बसते. ही युक्ती मास्तरांची. डोक्यावर एक केस नसलेला माणूस दर महिन्याला स्प्रेचा डबा न्यायला येतो, याचं दुकानदारीण बाईला पहिल्यापासून हसू येई. "या वेळी सुगंधी देऊ का?" असं ती न चुकता विचारी.

मास्तरांच्या साडूलाही तोच स्प्रे लागायचा. पण त्याला कोणी काही विचारत नसे, कारण त्याच्या डोक्यावर केसांचं रान होतं.

साडू म्हणजे मास्तरांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. रस्त्यापलीकडे, बरोब्बर समोर, त्याचं दुकान. त्याला शेड म्हणता येत नसे, कारण त्याला काचेचं दार होतं. दारामागे दिव्यांच्या उजेडात लाल, निळ्या, हिरव्या सिलिकॉनच्या नळ्या मांडलेल्या, खेळण्यांच्या दुकानासारख्या. पाइप सगळे ॲल्युमिनियमचे, आरशासारखे घासलेले. त्यात बघून भांग पाडावा. तोही त्यानेच.

हे सगळं तो शिकला होता मास्तरांच्याच शेडमध्ये. लग्नानंतर काही वर्षं तो इथेच राबला. मग "दादा, आता स्वतःचं काही तरी बघतो," म्हणाला, तेव्हा "समोरची जागा रिकामी आहे, घेऊन टाक," हे मास्तरांनीच त्याला सांगितलं होतं. त्या वाक्यासाठी मास्तरांनी स्वतःला अजून माफ केलं नव्हतं.

मनातल्या मनात ते त्याला पॉलिश म्हणत. एकदा घरी तोंडातून निघून गेलं.

"कोण पॉलिश?" बायकोने विचारलं.

"कोणी नाही."

"तुमचाच चेला, आणि माझ्या बहिणीचा नवरा. दोन्हीकडून तुमचं तोंड बंद आहे, तेव्हा जेवा."

मास्तर जेवले. पण डोळ्यांत सलायचं ते सलतच राहिलं. समोर एखादी गाडी उभी राहिली की त्यांचा हात इकडे मंदावायचा. गिऱ्हाईक तिथून हसत बाहेर पडलं की वाटे, आपल्याकडून कोणी असं हसत कधी गेलं? आपल्याकडून लोक शिकून जातात, हसून जात नाहीत. साडूकडे चहाला काचेचे पेले आले, तेव्हा मास्तरांना आठवडाभर आपला कानतुटका कप नको वाटत होता. वाईट म्हणजे, साडू स्वभावाने चांगला होता. रोज शटर उघडताना तिकडून हात उंचावून "दादा" म्हणायचा. माणूस वाईट असता तर जळायला किती सोपं गेलं असतं.

हे सगळं मास्तरांनी गिळलं असतं. मुलीचं गिळता येईना.

मुलगी लोकांना गाडी चालवायला शिकवायची. घाबरट माणसांच्या शेजारी बसून दिवसभर "क्लच, क्लच" म्हणून झालं की तिला कुठे तरी स्वतःची गाडी सुसाट सोडावीशी वाटे. तिने एक जुनी, छोटी, टर्बोची गाडी घेतली होती. वर्षातून एकदा मोटार क्लबवाले टेकडीचा रस्ता सकाळभर बंद ठेवत आणि एकेक गाडी वर सोडत. घड्याळ लावून. यंदा तिने नाव दिलं होतं. गेल्या वर्षी चढावर अर्ध्यात गाडीचा दम गेला होता. हवा तापते, मूळची जाळी फार लहान आहे, हे मास्तरांनी तिला तेव्हाच सांगितलं होतं. यंदा ती मोठी जाळी घेऊन आली. मोठी जाळी म्हणजे नवे पाइप आणि नव्या नळ्या.

गाडी आपल्या शेडमध्ये येणार हे मास्तरांनी धरूनच ठेवलं होतं. त्यांनी जागा झाडून ठेवली. दुपारी बघतात तर गाडी समोर उभी, मुलगी काचेच्या आत, हातात निळी नळी, आणि साडूच्या कुठल्याशा बोलण्यावर मान मागे टाकून हसतेय.

मास्तरांच्या हातातली पट्टी त्यांनी इतकी आवळली की तिच्या स्क्रूचे आटेच गेले.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मास्तर वर्तमानपत्र वाचत होते. सकाळी वाचलेलंच.

"बाबा, काका म्हणतात पाइप सव्वादोन इंची पुरेत."

"मग झालं तर. काका म्हणतात ना."

"तुम्ही काय म्हणता?"

"मला कोण विचारतंय?"

"आत्ता मीच विचारलं."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अडीच म्हणतील ते. काकांनी अडीच सांगितलं असतं तर सव्वादोन म्हणाले असते."

मास्तरांच्या जिभेवर खरोखरच अडीच आलं होतं. पण पाइपाशी खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं. पाइप जितका रुंद तितका तो हवेने भरायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ गाडी ताटकळते. या इंजिनाला सव्वादोनच योग्य. "सव्वादोन बरोबर आहे," ते वर्तमानपत्रामागून म्हणाले. तेवढं बोलायलाही त्यांना जड गेलं.

मुलगी समोर येऊन बसली. घाबरट शिकाऊंशी बोलते त्या आवाजात म्हणाली, "हे बघा. गाडी एक आहे आणि तुम्ही दोघं आहात. मी ठरवलंय. गरम बाजू बाबांची, थंड बाजू काकांची. बोनेट माझं. कोणी कोणाच्या बाजूला हात लावायचा नाही आणि नाक खुपसायचं नाही. कबूल?"

मास्तर कबूल म्हणाले. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की या गाडीत थंड बाजू वरून जाते. बोनेट उघडलं की तीच दिसणार, ऐटीत, आरशासारखी. गरम बाजू सगळी खाली, पत्र्यामागे. ती बघायची तर माणसाला रस्त्यावर पाठ टेकावी लागेल. कोण टेकणार?

काम मात्र त्यांनी नेहमीसारखंच मन लावून केलं. निदान सुरुवातीला. शक्य तितके कमी बाक. दोन ठिकाणी तीव्र वळण हवं होतं, तिथे एकच ऐसपैस वळण बसवलं, कारण हवेलाही कोपऱ्यावर अडखळायला होतं. नळी निवडायला त्यांनी एक अख्खी सकाळ घालवली. टर्बोतून गरम हवेबरोबर तेलाची वाफ येते. नुसतं सिलिकॉन ती वाफ पिऊन हळूहळू घामेजतं, मऊ पडतं. म्हणून त्यांनी आतून तेलरोधी अस्तर असलेली, चार पदरी, काळी, ठेंगणी नळी घेतली. स्क्रूची साधी पट्टी नळीला चावते, म्हणून टी-बोल्टने आवळायची रुंद पट्टी. दाबून, वाकवून, नखाने खरवडून बघितलं. सगळं मनासारखं झालं.

मग ते चहा घेऊन दारात उभे राहिले आणि समोर बघितलं. साडूने थंड बाजूचा पाइप चाकावर घासून घासून असा चमकवला होता की त्यात अख्खा रस्ता दिसत होता. येणारेजाणारे थांबून बघत होते. मुलगी पाइपात आपलं नाक लांब झालेलं बघून हसत होती.

मास्तरांनी कप खाली ठेवला. शेडच्या कोपऱ्यात घासायचं कापडी चाक होतं, वर्षानुवर्षं धूळ खात पडलेलं. "पॉलिशने हवा धावत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. त्यांनी चाक झटकलं, त्याला मेणाची वडी लावली आणि गरम बाजूचा पाइप त्यावर धरला. जी बाजू कोणाला दिसणार नव्हती, ती त्यांनी आरशासारखी केली. हात थांबेना. टोकापर्यंत गेला, कंगोऱ्यावरून गेला, कंगोऱ्याच्या मागे जिथे नळी चढते तिथेही गेला. पाइप झगमगला. त्यात मास्तरांचं टक्कल दिसायला लागलं, तेव्हा ते थांबले आणि अनेक दिवसांत पहिल्यांदा स्वतःवर खूश झाले.

नळी चढवताना बोटांना काही तरी वेगळं जाणवलं, नाही असं नाही. नेहमी थोडी कुरकुरते, आज लोण्यासारखी गेली. जास्त स्प्रे मारला असेल, असं म्हणून त्यांनी बोल्ट आवळला.

शर्यतीच्या सकाळी क्लबवाल्यांनी प्रत्येक गाडीला पायथ्याच्या सरळ रस्त्यावर एक धाव मारून बघायला दिली होती. त्यानंतर तपासणी, आणि ज्या गाडीत काही सैल, सुटं किंवा गळतं सापडेल, तिला वर सोडायचं नाही. मास्तर आणि साडू रस्त्याच्या कडेला शेजारी शेजारी उभे होते. साडूने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

गाडी निघाली. टर्बोची शीळ चढत गेली. आणि मग फाट असा मोठा आवाज झाला, शीळ विझली, मागे नुसता फुसफुसाट.

"नळी," साडू म्हणाला.

नळीच होती. पोरीचा सगळा दिवस जाणार होता, हे मास्तरांना कळत होतं. पण त्याच्याआधी, त्यांना न विचारता, छातीत एक गोड उकळी फुटली. थंड बाजू. पॉलिशचीच. ते गाडीकडे इतक्या झपाझप निघाले की साडू मागे पडला.

मुलीने बोनेट उघडून धरलं होतं. वरचा पाइप जागच्या जागी होता, आरशासारखा. दोन्ही नळ्या घट्ट, पट्ट्या घट्ट. मास्तरांनी त्या हाताने हलवून बघितल्या. पुन्हा हलवून बघितल्या.

"खालची आहे, बाबा," मुलगी म्हणाली.

साडू तोवर इस्त्रीच्या शर्टासकट रस्त्यावर पाठ टेकून गाडीखाली गेला होता. मग खालून आवाज आला, हळू, मुलीला ऐकू जाऊ नये असा.

"दादा, नळीखाली पॉलिश?"

पाइप आणलेलाच तसा होता, असं म्हणता आलं असतं. साडूने मानलंही असतं, किंवा मानल्यासारखं केलं असतं.

"हो," ते म्हणाले. "मीच केलं."

"बाबा, तुम्ही?" मुलीने सगळं ऐकलं होतं. "पॉलिशने हवा धावत नाही, हे कोण म्हणतं?"

"नळी धावली," मास्तर म्हणाले. ती हसली नाही. तिने तपासणीवाल्यांच्या तंबूकडे बघितलं. तिच्या पुढे आता थोड्याच गाड्या होत्या.

खालच्या सांध्याला हात पोचवायचा तर वरचा पाइप काढावा लागणार होता. साडूने पाना मास्तरांच्या हातात दिला. "तुम्ही काढा. मी खालून धरतो." कोणी कोणाच्या बाजूला हात लावायचा नाही, हा करार तिथेच मोडला. मास्तरांनी पट्टी सैल केली, नळी पिळून ओढली. ती सुटेना. त्यांनी पाय टेकवून जोर लावला तेव्हा कुठे कुरकुरत निघाली. आणि त्यांना पाइपचं टोक दिसलं.

नळी जिथपर्यंत चढते तिथपर्यंत पाइपला पॉलिशचा स्पर्श नव्हता. उंच, तीक्ष्ण कंगोरा. त्याच्यामागे कानशीचे आडवेउभे ओरखडे, एकसारखे, तिरके, डावीकडून सुरू होऊन उजवीकडे दाट होत गेलेले. असे ओरखडे फक्त मास्तर काढायचे, कारण त्यांचा डावा अंगठा लहानपणी दुखावलेला होता आणि कानस तशीच पडायची. साडूचे दोन्ही अंगठे धडधाकट होते. तो आपला बघून बघून तसंच शिकला होता.

बाहेरून सगळा पॉलिश, आतून सगळा मास्तर. मास्तर त्या टोकाकडे बघत राहिले. त्यांचा राग गेला असं नाही. उलट वाढला. इतके दिवस निदान एक समाधान होतं, की याचं काम वरवरचं आहे. आता जळायलाही धड जागा उरली नव्हती.

"दादा, टोक खरवडून घ्या. कानस माझ्या पेटीत आहे," खालून आवाज आला. "पण तुमची नळी गेली. सुटताना पत्र्यावर फाटली."

मास्तरांनी दुसरी काळी नळी आणलीच नव्हती. स्वतःच्या कामाला जोड लागेल असं त्यांच्या मनातही नव्हतं. साडूच्या पेटीत होती. सव्वादोन इंची, थोडी लांब, दोन पट्ट्या बसतील अशी. लालभडक.

"तिला अस्तर नाही," मास्तर म्हणाले. "तेलाच्या वाफेने..."

"एका सकाळीत काही होत नाही, बाबा," मुलगी म्हणाली. आवाजात शिकवणं नव्हतं. विनवणी होती.

मास्तरांनी हात पुढे केला. "दे."

त्यांनी टोक खरवडलं. मेण पुसलं. झिजलेल्या कंगोऱ्यावर भरवसा नको म्हणून नळी पार मागेपर्यंत चढवली आणि दोन पट्ट्या आवळल्या. नळी चढवायच्या आधी साडूने स्प्रेचा डबा पुढे केला होता. सुगंधी होता. मास्तरांनी एकदा त्याच्याकडे बघितलं. साडू म्हणाला, "बाईंनी बळेच दिला."

तपासणीवाल्याने गाडीखाली वाकून दिवा मारला, लाल नळी हलवून बघितली आणि कागदावर शिक्का मारला.

गाडी वर गेली तेव्हा पायथ्याशी उभे राहून दोघं नुसतं ऐकत होते. पहिलं वळण, शीळ चढली, उतरली. दुसरं. गेल्या वर्षी जिथे दम गेला होता तो चढ आला, आणि मास्तरांनी नकळत साडूचं मनगट धरलं. शीळ चढत राहिली. मग टेकडीपलीकडे गेली. मास्तरांनी मनगट सोडलं आणि हात पुसला, जसं काही तेल लागलं होतं.

मुलीचा नंबर मधलाच कुठला तरी आला. तिला त्याचं काही नव्हतं. ती लालबुंद तोंडाने खाली आली, बोनेट उघडलं आणि लोक जमले. वरच्या पाइपात एकेक जण आपलं तोंड बघून गेला.

"ही थंड बाजू काकांची," ती सांगत होती. "आणि खाली बघा, गरम बाजू बाबांची. खरं काम तिथे आहे."

एक म्हातारा गृहस्थ खरोखर गुडघे टेकून वाकला. मास्तरांनी श्वास रोखला.

"वा," गृहस्थ म्हणाला. "लाल नळी फार छान शोभतेय."

परत येताना मुलगी गाडी चालवत होती, मास्तर शेजारी. शहराच्या वेशीशी आल्यावर ती म्हणाली, "काका रुसले होते माझ्यावर, माहीत आहे?"

"का?"

"गरम बाजू त्यांना का दिली नाही म्हणून. म्हणाले, अवघड काम तुझ्या बाबांना, आणि मला आपलं शोभेचं. तेलाची वाफ, दाब, उष्णता, सगळं त्या बाजूला. म्हणाले, तुला माझ्या हातावर तेवढा विश्वास नाही."

"असं म्हणाला?"

"दोनदा."

मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांना फार बरं वाटलं. एवढं बरं वाटू नये हेही कळत होतं, पण वाटलं. घरापर्यंत वाटत राहिलं. जेवताना बायकोने विचारलं, "हसताय कशाला?" तर म्हणाले, "कुठे हसतोय?"

पुढच्या आठवड्यात त्यांनी लाल नळी काढून नवा पाइप आणि काळी, अस्तराची नळी बसवली. लाल नळी साडूला परत द्यायची होती. तोवर म्हणून खिळ्याला अडकवली, काळ्या नळ्यांच्या मधोमध. ती तिथेच राहिली. आता शेडमध्ये येणारा प्रत्येक जण वाकायच्या आधी वर बघतो.

"मास्तर, ही लाल भारी आहे हो. कुठे मिळते?"

पाइपाशी आणि पाइपाबद्दल मास्तरांना खोटं बोलता येत नाही.

"समोर मिळते," ते सांगतात. गिऱ्हाईक वळून काचेच्या दाराकडे बघतं, आणि मास्तर पुन्हा एकदा दिवसभर स्वतःवर चिडून राहतात.